उजवीकडं बसा

नाईकवाडे डॉक्टरांच्या घरात पाऊल टाकलं की ‘या’ नाही, ‘कसं काय’ नाही, पहिलं वाक्य कानावर पडायचं ते, ‘उजवीकडं बसा.’ पाहुणा सरपंच असो, तहसील कचेरीतला साहेब असो, नाहीतर कालवड आजारी पडली म्हणून रडकुंडीला आलेली म्हातारी असो, त्याला उजव्या अंगाच्या बाकड्यावरच टेकावं लागे. डावीकडं ओट्याशेजारी एक छान गादीची खुर्ची होती. तिच्यावर बसायची परवानगी कुणालाच नव्हती, खुद्द डॉक्टरांनाही. कारण डॉक्टरांच्या घराला चाकं होती आणि ते घर डावीकडं झुकत होतं.

डॉक्टर म्हणजे जनावरांचे डॉक्टर. आमच्या सहकारी दूध संघात ते डॉक्टर आणि मी दूध संकलनाचा सुपरवायझर. त्या सालात पाऊस असा काही रुसला, की संकलन करायला दूधच राहिलं नाही. शीतकरण केंद्रावर सकाळी गाड्यांची रांग लागायची, तिथं कुत्री ताणून झोपायला लागली. मला काम नव्हतं आणि डॉक्टरांना उसंत नव्हती. जिल्हाभर चारा छावण्या उघडल्या होत्या. पत्र्याच्या आणि उसाच्या पाचटाच्या सावलीखाली जनावरांच्या दावणी लागल्या होत्या, आणि प्रत्येक दावणीला एक तरी बैल मान टाकून बसलेला असायचा. चेअरमनसाहेबांनी मला म्हटलं, ‘बसून काय करतोस? जा डॉक्टरच्या संगं.’ म्हणून मी गेलो.

डॉक्टर उंच होते, वाळलेले होते, आणि आयुष्यभर जनावरांच्या पोटाखाली वाकून वाकून मानेपाशी थोडे मुडपलेले होते. आवाज असा, की आत्ताच झोपेतून उठवलंय कुणीतरी. खिशात स्टेथोस्कोप आणि बडीशेपेची डबी एकत्र, त्यामुळं डॉक्टरांनी तपासलेल्या म्हशीला बडीशेपेचा वास यायचा असं रशीदभाई म्हणायचे. रशीदभाई म्हणजे त्या चाकांवरच्या घराचे ड्रायव्हर. कुणी विचारलं, ‘डॉक्टर, बरं हाय का?’ की उत्तर ठरलेलं, ‘दमलोय. पर बसलो न्हाई अजून.’ हे ते तक्रार म्हणून सांगत नसत आणि फुशारकी म्हणूनही नाही. तापमापकावरचा आकडा वाचून दाखवावा तसं सांगत.

घराची कल्पना चेअरमनसाहेबांची. छावणीत डॉक्टर मुक्कामी राहत नाहीत अशी तक्रार वरपर्यंत गेली होती. साहेबांनी एसटीची एक मोडीत काढलेली बस लिलावात घेतली आणि बीडच्या एका बॉडीवाल्याकडून तिचं घर करून घेतलं. ‘डॉक्टर गावात ऱ्हात न्हाई म्हणतात ना? मग डॉक्टरचं घरच गावात न्यायचं,’ म्हणाले. नारळ फुटला, फोटो निघाले. आत पलंग, बाकडं, स्वयंपाकाचा ओटा, लशींची बर्फाची पेटी, औषधांचं लोखंडी कपाट. बसच्या डाव्या खिडक्या फुटलेल्या होत्या, तिथं बॉडीवाल्यानं पत्रा मारला आणि पत्र्याला लागून जे जे जड ते सगळं डावीकडंच ठोकलं. राहिली पाण्याची टाकी, ती चढवली टपावर.

ते घर पहिल्यांदा चाललं तेव्हा मी आत होतो. माझ्या हातात चहाचा कप होता. पहिल्या वळणाला चहा बशीत आला, दुसऱ्या वळणाला सदऱ्यावर, आणि तिसऱ्या वळणाला मीच पलंगाखाली होतो. घर आधी डावीकडं झुकायचं, मग उजवीकडं यायचं, आणि आता थांबेल असं वाटतंय तोवर वरची टाकी आतून एक हिसका द्यायची. सरळ रस्त्यावर समोरून ट्रक गेला तरी त्याच्या वाऱ्यानं घर शेजारच्या शेताकडं निघायचं. रशीदभाई स्टेअरिंगला असे लोंबकळत, की गाडी ते चालवतायत की गाडी त्यांना फिरवतेय हे कळायचं नाही. उतरले की म्हणत, ‘साब, ये घर नै, झूला है.’

डॉक्टर पहिले काही दिवस काही बोलले नाहीत. हलत्या घरात राहायचं, खाली उतरून दावणीला जायचं, परत येऊन पडायचं. डॉक्टर आणि घर दोघंही थकलेले, दोघंही एका कुशीवर कललेले. मला वाटलं होतं, हे असंच चालणार. मग शांताकाकू पडल्या.

शांताकाकू म्हणजे डॉक्टरांच्या मंडळी. त्या दिंद्रुडला राहत. कायम तिथंच राहिल्या, कारण त्यांना गाडी लागायची. साधी नव्हे. वरातीच्या जीपमध्ये नवरदेवाच्या नव्या कोटावर जे व्हायचं ते झालं, आणि वडवणीच्या पुढं वरात बैलगाडीतून न्यावी लागली. डॉक्टर हे सांगताना त्या झोपाळू आवाजात म्हणायचे, ‘कोट पुन्यांदा अंगावर चढवला न्हाई. टाकलाबी न्हाई.’ नोकरीभर डॉक्टर या तालुक्यातून त्या तालुक्यात, आणि काकू दिंद्रुडात शेत, सासू-सासरे, मग पोरं सांभाळत. संसार सगळा सुट्टीच्या दिवशीचा. आता सासू-सासरे गेले, पोरं पुण्याला, आणि काकू घरात एकट्या. विहीर आटली होती. गावात टँकर येई. गुडघे दुखणारी बाई घागर घेऊन टँकरच्या पायपाशी गर्दीत शिरली, ढकलाढकलीत पडली, आणि घागर तिच्याच पायावर आली.

निरोप आला तेव्हा डॉक्टर एका बैलाला सलाईन लावत होते. सुई लागली, धार सुरू झाली, मग उठले. छावणीतल्या दीडशे बायकांना या माणसानं आपल्या टाकीतलं पाणी वाटलं होतं, आणि घरी त्याची बायको टँकरला उभी होती. हे त्यांना कुणी म्हणून दाखवलं नाही. दाखवायची गरज नव्हती.

आम्ही दिंद्रुडला गेलो. काकू ओसरीत पाय लांब करून बसल्या होत्या, पायाला हळदीचा लेप. काकू बुटक्या, गोऱ्या आणि बोलायला अशा धारदार, की डॉक्टर सुट्टीला गेले की दोन दिवसांत टवटवीत होऊन यायचे, ते का, हे मला त्या दिवशी कळलं.

‘चल माझ्यासंगं,’ डॉक्टर म्हणाले. ‘घर हाय. पलंग हाय. पाणी हाय.’

‘आन् ते घर चालतंय,’ काकू म्हणाल्या.

‘चालतंय.’

‘हलतंय?’

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी माझ्या सदऱ्यावरच्या चहाच्या डागाकडं पाहिलं. काकूंनी दोघांकडं पाहिलं.

‘आवो, मला यायला काय झालंय? एकटीनं ऱ्हायची काय मला हौस हाय? पर रोज सकाळ-संध्याकाळ ओकत बसू का तुमच्या घरात? तुमाला जनावरं बघायची का मला?’ मग म्हणाल्या, ‘तुमचं घर हलायचं थांबलं की या न्यायला. मी लुगड्याची घडी करून तयार ऱ्हाते.’

परतीच्या वाटेवर डॉक्टर पुढं बसले नाहीत. मागं पलंगावर बसून घराचं हलणं बघत राहिले. आजारी जनावराकडं बघावं तसं. ते बोलत नाही, म्हणून त्याच्याकडं नीट बघावं लागतं, असं ते नेहमी म्हणायचे. ते घर आता त्यांचा पेशंट झालं होतं.

पहिला इलाज अगदीच नवशिक्याचा झाला. घर लवतंय, म्हणजे चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे अशक्त, असं निदान करून डॉक्टरांनी मांजरसुंब्याच्या एका गॅरेजात मागच्या चाकांवर जादा पाटे चढवले. मागचं अंग उंच झालं, रुबाबदार दिसायला लागलं. डॉक्टर खूश. आम्ही ढाब्यासमोरून निघालो आणि पहिल्याच खड्ड्याला कपाटातल्या कॅल्शियमच्या बाटल्या एकदम उडाल्या. घर आता लवत नव्हतं, लाथा घालत होतं. छावणीत पोचेपर्यंत कपाटाच्या फटीतून पांढरं पाणी गळत होतं आणि डॉक्टर त्याखाली बादली धरून बसले होते. रशीदभाईंनी मागं वळून एवढंच म्हटलं, ‘साब, पहिले झूलता था, अब मारता है.’

पाटे उतरवले. दुसरा इलाज, टायरमधली हवा कमी केली. ‘पोट फुगलंय, वात काढू,’ म्हणाले. खड्डे खरंच मऊ झाले. एक दिवस आम्ही राजासारखे फिरलो. पण स्टेअरिंग असं जड झालं, की रशीदभाईंचे दंड भरून आले, वळणाला घर चिखलात पाय रुतल्यासारखं मागं राहायला लागलं, आणि वडवणीच्या अलीकडं भर दुपारी एक टायर तापून फुटला. सावली म्हणून कुठं नाही. घराच्याच सावलीत आम्ही तिघं बसलो, म्हणजे रशीदभाई आणि मी बसलो. डॉक्टर उभे होते. फुटलेल्या टायरला त्यांनी हात लावून पाहिला आणि म्हणाले, ‘वात काढायला गेलो, आन् पायच गेला की.’

मग मात्र ते शिस्तीनं वागायला लागले. एका सकाळी मी उठलो तर घर आपोआप हलत होतं. खाली बघतो तर रशीदभाई आणि छावणीतले दोन गडी एका कोपऱ्याला खांदा लावून घर झुलवतायत, आणि डॉक्टर पाठीवर निजून, कानात स्टेथोस्कोप घालून, त्याचं दुसरं टोक पाट्याच्या सांध्यातल्या बुशाला लावून ऐकतायत. छावणीतली माणसं गोल करून उभी. एका म्हाताऱ्यानं विचारलं, ‘डॉक्टर, गाभण हाय का?’ डॉक्टर गाडीखालून म्हणाले, ‘म्हातारी हाय. सांधं झिजल्यात.’ मग झिजलेले बुश बदलले, शॉकअप नवे घातले, हवा जितकी हवी तितकी भरली. घराचा लाथ मारायचा स्वभाव गेला. झुकायचा राहिला.

मोजमाप म्हणून मी होतो. डॉक्टरांनी माझ्या हातात काठोकाठ भरलेला चहाचा कप द्यायचा, रशीदभाईंनी घर हाकायचं, आणि छावणीला चक्कर मारून आलं की डॉक्टरांनी माझा सदरा तपासायचा. ‘सुपरवायझर, तुमचा सदरा हाच आपला मीटर.’ त्या उन्हाळ्यात माझे सगळे सदरे मीटर झाले. आमच्या मंडळींनी दुष्काळात कपडे धुवायला नकार दिला, आणि तो योग्यच होता.

झुकण्याचा शोध लागला तो साखर कारखान्याच्या काट्यावर. ऊस नव्हता म्हणून कारखाना बंद, धुराडं थंड, आणि वजनकाट्यावरचा माणूस खिडकीत बसून माश्या मारत होता. डॉक्टर घर घेऊन तिथं गेले. आधी पुढची चाकं काट्यावर, मग मागची, मग नुसती डावी, मग नुसती उजवी. काट्यावरच्या माणसानं जन्मात कुणाला गाडीचं अर्धं अर्धं वजन मागताना पाहिलं नव्हतं. तो म्हणाला, ‘डॉक्टर, सगळी माणसं काट्याला शिव्या घालत येतात. तुमी पयले, ज्यांनी मी सांगितल्यावर मान डोलावली.’ डावी बाजू भलतीच जड निघाली. टपावर टाकी, आत ओटा, बर्फाची पेटी, कपाट, आणि सगळं डावीकडं.

कपाट उचलून उजवीकडं नेलं. ओटा नेता येईना, पेटीही नाही. तेव्हापासून माणसं उजवीकडं. चेअरमनसाहेब एकदा भेट द्यायला आले. साहेब वजनदार, दोन्ही अर्थांनी. ते सरळ त्या गादीच्या खुर्चीकडं निघाले. डॉक्टर म्हणाले, ‘साहेब, उजवीकडं बसा.’ साहेबांच्या मागच्या कार्यकर्त्यांचे चेहरे पडले. साहेब म्हणाले, ‘का रं? खुर्ची मोकळी हाय की.’ डॉक्टर तेवढ्याच झोपाळू आवाजात म्हणाले, ‘तुमी डावीकडं बसला तर घर पडंल.’ साहेब क्षणभर विचारात पडले. त्यांना त्यात राजकारण दिसलं. मग बाकड्यावर बसले आणि जाईपर्यंत तिथून हलले नाहीत.

तरी घर डुलायचंच. मुख्य गुन्हेगार टपावर होता, आणि त्याला हात लावायचा धीर होत नव्हता, कारण त्यात पाणी होतं. मुळात एवढं वजन डोक्यावर, त्यात टाकी कधी भरलेली राहायची नाही. दर गावाच्या वेशीवर कुणीतरी हंडा घेऊन उभं असे. डॉक्टर नाही म्हणायचे नाहीत. ते नाही म्हणू शकत असते, तर त्यांचं घर कधीच सुधारलं असतं. टाकी अर्धी व्हायची, आणि अर्धी टाकी पुऱ्या टाकीपेक्षा वाईट. वळण संपलं तरी आतलं पाणी वळतच राहायचं. घर एकदा रस्त्यामुळं झुकायचं आणि एकदा पाण्यामुळं.

एका दुपारी वाटेत एक बैलगाडी लागली. गाडीत पाण्याचा उघडा पिंप, आणि पिंपात कडुलिंबाचा हिरवा टहाळा टाकलेला. आमच्याकडं डोक्यावरच्या हंड्यातही टाकतात, पिंपातही. टहाळा असला की पाणी हिंदकळत नाही. डॉक्टरांनी गाडी थांबवायला लावली. बराच वेळ त्या पिंपाकडं बघत उभे राहिले. पाणी टहाळ्याखाली गुमान बसलं होतं.

छावणीत पोचताच टपावर चढून त्यांनी टाकीत लिंबाचे टहाळे कोंबले. एक-दोन नाही, टाकी गच्च केली. घर त्या दिवशी असं चाललं, की मी कप हातात धरून गाणं म्हटलं. डॉक्टरांनी तिथल्या तिथं दिंद्रुडला निरोप धाडायचं ठरवलं होतं. पण बैलगाडीतला टहाळा घरी पोचेपर्यंतच पाण्यात असतो. आमचे टहाळे लोखंडी टाकीत, टपावर, उन्हात दोन दिवस मुरत राहिले. तिसऱ्या दिवशी छावणीतल्या सगळ्या चहाला काढ्याची चव आली. लोकांनी घोट घेतले आणि एकमेकांकडं पाहिलं. एका म्हातारीनं पेला घेऊन येऊन डॉक्टरांच्या समोर धरला. ‘डॉक्टर, जंताचं औषध मानसांलाबी चालू केलं का?’

त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा खचलेलं पाहिलं. टाकी रिकामी करावी लागली. कडू म्हणून का होईना, पण दुष्काळात पाणी ओतून द्यावं लागलं, जनावरांनीही तोंड फिरवलं म्हणून. डॉक्टर ओल्या मातीकडं बघत होते. ‘सुपरवायझर, जनावर असतं तर म्हणलो असतो, आता याला त्रास नगं, राहू द्या.’ मी म्हटलं, ‘मग राहू द्या की.’ ते म्हणाले, ‘तिकडं ती लुगड्याची घडी करून बसलीय.’

इलाज सापडला तो माझ्या दारात, आणि तोही मला नाही, त्यांना. लशी घ्यायला आम्ही शीतकरण केंद्रावर गेलो होतो. तिथं दुधाचे रिकामे कॅन पालथे घालून ठेवलेले, रांगाच्या रांगा, वर धूळ. मी रोज बघायचो आणि माझ्या नोकरीचं कसं होणार एवढाच विचार करायचो. डॉक्टरांनी एक कॅन सुलटा केला, त्यात तोंडापर्यंत पाणी भरलं, झाकण ठोकून बसवलं आणि कॅन तिरपा करून हलवला. मग मला म्हणाले, ‘ऐका.’ मी कान लावला. काहीच ऐकू आलं नाही. भरलेल्या आणि बंद कॅनमध्ये पाण्याला हलायला जागाच नव्हती.

‘टाकी काढून टाकायची,’ डॉक्टर म्हणाले. ‘पाणी कॅनमधून. कॅन खाली, पलंगाखाली आन् बाकड्याखाली. द्यायचं तर अख्खा कॅन द्यायचा. अर्धा ठेवायचाच न्हाई.’

कॅन संघाचे, म्हणून चेअरमनसाहेबांकडं जावं लागलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. ‘अरे, आपल्या संघाच्या कॅनमधी पाणी? विरोधक आधीच काय बोलतेत ते तुला म्हाईत न्हाई का? उद्या चौकात बोर्ड लावतेल.’

डॉक्टर म्हणाले, ‘साहेब, आजवर लोक म्हणायचे दुधात पाणी हाय. आता कॅनमधी नुस्तं पाणी हाय, आन् आपण ते सांगून देतोय. संघानं येवढं सरळ काम कधी केलंय?’

साहेब आधी रागावले, मग हसले, मग त्यांना त्यात फोटो दिसला. कॅन मिळाले.

टपावरची टाकी उतरवली तेव्हा रशीदभाईंनी बसच्या डोक्यावरून हात फिरवला, एखाद्या पोराचा ताप उतरला की फिरवतात तसा. कॅन दोन्ही बाजूंना खाली लावून पट्ट्यांनी आवळले, उजवीकडं थोडे जास्त. वाटायचा नियमही ठरला. एक कॅन डावीकडचा दिला की पुढचा उजवीकडचा. बायका विचारायच्या, ‘हाताशी हाय तो द्या की डॉक्टर.’ डॉक्टर म्हणायचे, ‘त्याची पाळी न्हाई.’ मी कप घेऊन बसलो. मांजरसुंब्याचा घाट उतरलो आणि चढलो. वर आल्यावर डॉक्टरांनी माझा सदरा समोरून पाहिला, बाजूनं पाहिला, बाहीसुद्धा पाहिली. मग माझ्या हातातला चहा, थंड झालेला, त्यांनी स्वतः पिऊन टाकला.

काकूंना आणायला गेलो त्या सकाळी डॉक्टरांनी दाढी केली होती. काकू खरंच तयार होत्या. एका हातात पिशवी, दुसऱ्या मुठीत हुंगायला कापलेलं लिंबू, पदराला प्लास्टिकची पिशवी खोचलेली. आत आल्या. डॉक्टर म्हणाले, ‘उजवीकडं बस.’

‘आल्या आल्या हुकूम,’ म्हणत काकू उजवीकडं बसल्या.

डॉक्टर त्यांच्या समोर, ओट्यापाशी, मागं तोंड करून उभे राहिले. त्यांना काकूंच्या चेहऱ्यावरून नजर काढायची नव्हती. घर निघालं. दर वळणाला डॉक्टर विचारायचे, ‘लागतंय का?’ दर खड्ड्याला, ‘मळमळतंय का?’ वडवणी गेली. काकू खिडकीतून करपलेली शेतं बघत होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी हा रस्ता कधी डोळे उघडे ठेवून पाहिलाच नव्हता. ‘हितं नदी हाय व्हय,’ असं एका कोरड्या पात्राकडं बघून म्हणाल्या.

‘लागतंय का?’

‘आवो, गाडीनं काई होत न्हाई. तुमच्या इचारण्यानं मळमळतंय. गप ऱ्हावा की जरा.’

डॉक्टर गप्प राहिले. बीड ओलांडलं, घाट सुरू झाला. घर वळणावर हळूच कलायचं आणि सरळ व्हायचं. मी काकूंकडं पाहिलं, तर त्यांची मान खिडकीला टेकली होती आणि तोंड किंचित उघडं. काकूंना झोप लागली होती. चालत्या गाडीत, घाटात. मला हे डॉक्टरांना खुणेनं दाखवायचं होतं म्हणून मी वळलो, आणि पाहतो तर डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक. कपाळावर घाम. एवढा वेळ हलत्या गाडीत उलटं तोंड करून उभं राहिल्यावर दुसरं काय होणार? त्यांनी ओटा घट्ट धरला होता. मी ओरडणार तेवढ्यात त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. तिला उठवू नका. मी काकूंच्या पदराची पिशवी अलगद काढून त्यांच्या हातात दिली, आणि नाईकवाडे डॉक्टरांना, ज्यांनी सगळा उन्हाळा घर सरळ करण्यात घालवला होता, त्यांना त्या सरळ झालेल्या घरात गाडी लागली.

घाट संपला तेव्हा काकू जाग्या झाल्या. समोर नवरा पिशवी घेऊन उभा. त्यांनी सगळं एका नजरेत ओळखलं, मुठीतलं लिंबू पुढं केलं आणि म्हणाल्या, ‘घ्या. हुंगा. वरातीतली फेड झाली.’

मग काकू त्या घरातच राहिल्या. छावणी सुटेपर्यंत. ओट्यावर त्यांचा स्टोव्ह पेटायचा, डॉक्टर दावणीवरून आले की ताट तयार असायचं. गुडघे दुखतच होते, जनावरं मरतच होती, ऊन काही कमी झालं नव्हतं. पण काकूंच्या हातात पुन्हा घागर दिसली नाही, आणि डॉक्टर जेवायला तरी बसायला लागले. एकदा मी विचारलं, ‘दमलात का?’ म्हणाले, ‘दमलोय.’ पुढचं वाक्य आलं नाही.

पाऊस पडला, छावण्या मोडल्या, निवडणूक लागली. संघानं बस परत मागितली आणि प्रचाराला लावली. टपावर कर्णे, कर्ण्यांच्या बाजूला बसलेले कार्यकर्ते, खालचे कॅन काढून तिथं झेंड्यांचे गठ्ठे. चौकातून ती जाताना पाहिली तेव्हा ती पुन्हा आपली डावीकडं कलत, झुलत चालली होती. डॉक्टर माझ्याशेजारी उभे होते. त्या वेळी ते निवृत्त व्हायला थोडेच दिवस राहिले होते. ‘टपावर वजन चढवलं की त्यांनी,’ एवढंच म्हणाले. त्यात रागही नव्हता. रागाला जे लागतं ते सगळं त्या उन्हाळ्यात खर्च झालं होतं.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. वडवणीच्या स्टँडवर. मी बीडच्या गाडीची वाट बघत होतो आणि दिंद्रुडकडं जाणारी एसटी फलाटाला उभी होती. डॉक्टर तिच्या मागच्या चाकाशी वाकले होते. आता मान चांगलीच मुडपली होती. ते कंडक्टरला सांगत होते, ‘मागचा डावा पाटा बसलाय ह्या गाडीचा. डेपोत सांगा.’ कंडक्टर म्हणाला, ‘बाबा, चढा. गाडी सुटायचीय.’ काकू आत डाव्या बाजूच्या खिडकीपाशी बसल्या होत्या. मला पाहून हसल्या. मुठीत लिंबू होतं. मी खिडकीजवळ गेलो तर म्हणाल्या, ‘आता निम्मं ह्यांचं, निम्मं माझं.’ डॉक्टर चढले, काकूंच्या शेजारी बसले, आणि खिडकीतून त्यांनी माझा सदरा वरपासून खालपर्यंत पाहिला. कोरडा होता.

गाडी सुटली. स्टँडच्या फाटकाशी वळताना ती डावीकडं चांगलीच लवली, तशीच रस्त्याला लागली. मागच्या काचेतून मला दिसलं, डॉक्टर उठले होते. एका हातानं वरची दांडी, दुसऱ्या हातात काकूंचा हात. दोघं तोल सांभाळत, सावकाश, मधली वाट ओलांडून उजवीकडच्या बाकावर जाऊन बसले.